वाचक विचारतात: ग्रंथालय ऑनलाइन आलं, पण आम्हाला कुणी सांगितलंच नाही

गेल्या अंकात लिहिलं होतं की विद्यापीठाच्या ग्रंथालयाबद्दल आणि तिथल्या ऑनलाइन गोष्टींबद्दल काहीही विचारा, तर प्रश्नांचा ढीगच आला. सगळे घेता आले नाहीत, काही एकत्र केलेत. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिजिटल विभागात काम करते, आणि हे प्रश्न वाचताना एक गोष्ट सारखी टोचत होती. लोक ज्या गोष्टीसाठी जिवाचं रान करतायत ती बऱ्याचदा त्यांच्याच फीमधून नाहीतर करातून आधीच विकत घेतलेली असते, फक्त ती आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. हे सांगणं आमचंच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रश्न: मॅडम, मी विद्यापीठात एमए इतिहास करतोय पण घर साठ-सत्तर किलोमीटर लांब आहे, रोज येणं होत नाही. लायब्ररीच्या साइटवर जर्नल्सची भलीमोठी यादी आहे पण घरून लेख उघडला की थेट डॉलरमध्ये पैसे मागतात. मग ती यादी टाकलीय कशाला? — एक विद्यार्थी, मराठवाडा

उत्तर: यादी खरी आहे, आणि तू एक रुपयाही भरू नकोस. होतं काय, की प्रकाशक तुला नावाने ओळखत नाही, तो विद्यापीठाच्या इंटरनेटचा आयपी अ‍ॅड्रेस ओळखतो. कॅम्पसच्या वायफायवरून तोच लेख उघडलास की काही न विचारता उघडतो, आणि गावाकडे मोबाइलच्या नेटवरून उघडलास की तू त्याच्यासाठी बाहेरचा माणूस.

याच्यावर उपाय आहे रिमोट अ‍ॅक्सेस. गांधीनगरला यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, इन्फ्लिबनेट म्हणून केंद्र आहे, त्यांची इन्फेड नावाची सोय आहे, अनेक विद्यापीठं तिच्यात आहेत. लेखाच्या पानावर जिथे पैसे मागतात ना, तिथेच आसपास बारीक अक्षरात 'अ‍ॅक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन' किंवा 'इन्स्टिट्यूशनल लॉगिन' असं लिहिलेलं असतं. ते दाबायचं, आपल्या विद्यापीठाचं नाव शोधायचं, निवडायचं आणि आपला आयडी-पासवर्ड टाकायचा. नाव शोधताना पूर्ण नाव टाइप करू नकोस, स्पेलिंगमध्ये कुठे टिंब असतं कुठे नसतं, कुठे जुनंच नाव असतं, म्हणून नावातला एकच ठळक शब्द टाक आणि खाली येणाऱ्या यादीतून निवड.

आता हा आयडी आपोआप मिळत नाही, तो ग्रंथालयाने करून द्यावा लागतो, आणि खरी गाडी इथेच अडते. पुढच्या वेळी विद्यापीठात येशील तेव्हा आयकार्ड घेऊन जा आणि स्पष्ट सांग, "मला घरून ई-जर्नल्स वापरायची आहेत, रिमोट अ‍ॅक्सेसचं अकाउंट करून द्या." देवघेव काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर ई-रिसोर्सेस कोण बघतं ते विचार, त्या माणसापर्यंत जा, पण हात हलवत परत येऊ नकोस.

आणि हे मागायला संकोच का नको ते सांगते. २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० मोठे प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, आणि केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३००हून जास्त संस्थांना ती सगळी खुली, सगळा कारभार इन्फ्लिबनेटकडे. आधी एकेका विद्यापीठाला आपापल्या बजेटमध्ये जे परवडेल तेवढंच घेता यायचं, त्यामुळे मोठ्या शहरातल्या श्रीमंत संस्थेतल्या पोराला जे दिसायचं ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या पोराला दिसायचं नाही. आता सरकारी विद्यापीठात असशील तर तुला आणि आयआयटीतल्या मुलाला या योजनेतली तीच जर्नल्स खुली आहेत. एवढा पैसा आपण सगळ्यांनी मिळून भरलाय आणि एका पासवर्डसाठी ते सगळं बंद राहतंय हे मला खरंच बघवत नाही.

तरी एखादा लेख नाहीच मिळाला तर? ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाक, लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःच्या ईमेलने फुकट अकाउंट काढलंस तर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, इतिहासवाल्यांसाठी तर हे फारच कामाचं. थेट लेखकाला दोन ओळींची मेल टाक, बरेच प्राध्यापक आनंदाने पीडीएफ पाठवतात. आणि यातलं काहीच नाही जमलं तर आम्हाला सांग, डेलनेटसारख्या नेटवर्कमधून दुसऱ्या ग्रंथालयाकडून आम्ही मागवू शकतो, त्यालाच डॉक्युमेंट डिलिव्हरी म्हणतात.

प्रश्न: मी कोकणातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्राचार्यांनी सांगितलं की लायब्ररीचं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुरू करा. केलं. जयंती-पुण्यतिथीचे फोटो टाकतो, वाचन प्रेरणा दिनाचे फोटो टाकतो, पण मुलं बघतच नाहीत. नक्की टाकायचं काय? — एक ग्रंथपाल, सिंधुदुर्ग

उत्तर: सर, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला कारण आपण सगळे याच्यातूनच जातोय. जयंतीचा फोटो मुलांना त्या दिवशी चाळीस ठिकाणांहून येतो, तो लायब्ररीने टाकला काय आणि नाही टाकला काय, त्यांच्या कामाचं त्यात काही नाही. लायब्ररीकडे जे आहे आणि दुसऱ्या कुणाकडेच नाही ते टाका.

म्हणजे काय? पहिलं म्हणजे तुमच्याच काउंटरवरचे प्रश्न. एखादी मुलगी येते, म्हणते प्रोजेक्टसाठी तालुक्याची जुनी माहिती हवीय, तुम्ही तिला राज्य सरकारच्या साइटवरचं रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर काढून देता, कारण सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला १९८१मध्ये आणि त्याच्या आधीचं सगळं रत्नागिरीत सापडतं. हे तुम्हाला इतकं सवयीचं झालंय की ते सांगण्यासारखं आहे हेच लक्षात येत नाही. तेच लिहा. प्रश्न काय होता, कुठे शोधलं, कुठे सापडलं, मुलीचं नाव न घालता, चार-पाच ओळीत. तसाच प्रश्न आणखी दहा जणांना पडलेला असतो आणि ते लाजेने विचारायला येत नाहीत.

दुसरं, एन-लिस्ट, म्हणजे इन्फ्लिबनेटचीच कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्सची योजना. तुमचं कॉलेज अनुदानित आहे, यूजीसी कायद्याच्या टू-एफ, ट्वेल्व्ह-बी या कलमांखालची मान्यता असेल तर एन-लिस्टमधून हजारो जर्नल्स आणि लाखो ई-पुस्तकं मुलांना घरबसल्या वाचता येतात, प्रत्येकाला वेगळा आयडी-पासवर्ड देता येतो. मला सांगा, तुमच्या टीवायच्या वर्गात किती जणांना हा आयडी आहे? पहिल्या महिन्यात फक्त हेच टाका, आयडी कसा घ्यायचा, मोबाइलवर लॉगिन कसं करायचं, स्क्रीन रेकॉर्ड करून एक मिनिटाचा व्हिडिओ, तुमच्याच आवाजात, तुमच्याच बोलीत. प्रकाशक कधीकधी महिनाभराचा ट्रायल अ‍ॅक्सेस देतात, ती सूचना नोटीस बोर्डवर लागते आणि मुलांना कळेपर्यंत ट्रायल संपलेली असते, असल्या गोष्टींना व्हॉट्सअ‍ॅपसारखं साधन नाही. परीक्षेच्या काळात वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं, पुस्तकं परत करायची शेवटची तारीख, स्कॉलरशिपचा जीआर आलाय तर त्याचा सरकारी साइटवरचा थेट पत्ता, हे पण हवंच.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप मात्र करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, दोनशे मुलींचे नंबर आपणच वाटल्यासारखं होतं ते. चॅनल करा. चॅनलमध्ये फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि गुड मॉर्निंगही येत नाहीत. कोणी काय पुस्तक नेलं, कोणाचा दंड थकलाय असल्या याद्या चुकूनही टाकू नका, कोणी काय वाचावं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे आणि २०२३मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झालाय. वाचनकक्षात बसलेल्या मुलांचे फोटो विचारून टाका.

अजून एक, ज्याकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात. आपण सगळी माहिती रंगीत पोस्टरमध्ये घालतो आणि ते चित्र टाकून देतो. अंध मुलाच्या फोनमधला स्क्रीन रीडर चित्रातली अक्षरं नेहमीच वाचून दाखवत नाही, त्याच्यासाठी ते पोस्टर म्हणजे नुसता एक फोटो. म्हणून पोस्टरवर जे लिहिलंय ते खाली साध्या युनिकोड मराठीत परत टाइप करा, दोन मिनिटांचं काम आहे. जमलं तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाची माहितीही एकदा टाका, २०१६पासून सुरू आहे, अंध आणि छापील मजकूर वाचायला अडचण असलेल्या वाचकांसाठी तिथे वाचता-ऐकता येतील अशी पुस्तकं आहेत.

तुम्ही पुढे असंही विचारलंय की लायब्ररीने स्वतःचं मत मांडावं का. मांडावं, आपल्या विषयातलं. जर्नल्सच्या किमतींबद्दल, खोट्या बातम्यांबद्दल, एआयबद्दल, कॉपीराइटबद्दल आपण रोज काम करतो, आपल्याला मत असणारच. फक्त मत कुठलं आणि माहिती कुठली ते वाचणाऱ्याला वेगळं दिसलं पाहिजे आणि माहिती कुठून घेतली ते लिहिलेलं पाहिजे. आपल्याकडचे थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. मी काहीही पोस्ट करण्याआधी एवढंच बघते, की याने कुणाचा वेळ वाचणार आहे का.

प्रश्न: नमस्कार ताई. माझं वय ७१, निवृत्त शिक्षिका. नातू विद्यापीठात शिकतो. मध्यंतरी आमच्या ग्रुपवर विद्यापीठाचं परिपत्रक फिरत होतं की परीक्षा पुढे ढकलल्या, शिक्का-सही सगळं होतं आणि निघालं खोटं. पुराचे फोटोही असेच येतात. आमच्या वयाच्या माणसांनी खरं-खोटं कसं ओळखावं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: बाई, वयाचा काही संबंध नाही, आमच्याकडे पीएचडीची मुलं फसतात. उलट तुम्ही आयुष्यभर शाळेत परिपत्रकं हाताळलीत, तुमची नजर जास्त तयार आहे. आधी तेच बघा, जावक क्रमांक आहे का, तारीख आहे का, कुणाकुणाला उद्देशून आहे, सही कुणाच्या पदाची आहे, भाषा कार्यालयीन आहे की मधेच 'जास्तीत जास्त शेअर करा' आलंय. पण शिक्का-सही हल्ली कुणीही फोनवर चिकटवतं, म्हणून कागदाकडे बघत बसण्यापेक्षा त्या कागदातून बाहेर पडायचं. म्हणजे ते पत्र बाजूला ठेवायचं आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवर परीक्षा विभागाच्या पानावर जाऊन तीच सूचना आहे का ते पाहायचं, नातवाला सांगा पान एकदा फोनवर सेव्ह करून द्यायला. परीक्षा खरंच पुढे गेली असेल तर तिथे असणारच. नसेल तर आपल्यापुरता तो निरोप तिथेच थांबवायचा.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य तपासनीस हे अनोळखी साइट कशी पारखतात ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं होतं. शिकलेसवरलेले प्राध्यापकसुद्धा त्याच पानावर वरखाली करत राहिले, लोगो बघत राहिले, आणि तपासनीस मात्र लगेच ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि 'या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात' ते शोधायला लागले. बरोबर उत्तर त्यांनाच लवकर मिळालं. तुम्हीही हेच करायचं.

फोटोचं तर अजून सोपं. फोटोवर बोट दाबून धरून सेव्ह करा, गुगल लेन्समध्ये उघडा, हाच फोटो इंटरनेटवर आधी कुठे-कुठे आलाय ते दिसतं. पंचगंगेच्या पुराचा म्हणून आलेला फोटो २०१९चा किंवा २०२१चा निघाला की समजायचं. केंद्र सरकारच्या योजनांबद्दल काही फिरत असेल तर पीआयबी, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेककडे बघता येतं, हा विभाग २०१९पासून आहे, तो फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतो. आणि ग्रुपवर ज्याने पाठवलं त्याला सगळ्यांसमोर बोलू नका, वेगळा फोन करा, माणूस दुखावला की पुढच्या वेळी तुमचं ऐकत नाही.

प्रश्न: आमच्या विषयाचं पुस्तक बाजारात मिळत नाही. मी अख्खं पुस्तक स्कॅन करून विद्यार्थ्यांच्या टेलिग्रामवर टाकलं तर चालेल का? शिक्षणासाठीच आहे. — एक प्राध्यापक, विदर्भ

उत्तर: अख्खं पुस्तक, तेही टेलिग्रामवर, नको. तुमची अडचण खरी आहे पण रस्ता वेगळा आहे. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपीच्या दुकानावर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२मध्ये खटला भरला होता, २०१६मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला तो विद्यापीठाच्या आणि दुकानाच्या बाजूने. विद्यार्थ्यांसाठी फार मोठा निकाल होता तो. पण तिथे प्रश्न होता वेगवेगळ्या पुस्तकांतली अभ्यासक्रमाला लागणारी निवडक पानं एकत्र केलेल्या संचाचा. आख्ख्या पुस्तकाची पीडीएफ जगाला उघडी करणं हे त्याच्यात बसवायला जाऊ नका. लागणारी प्रकरणं काढा, आपल्या वर्गापुरती ठेवा, आणि ग्रंथालयाला सांगा की एक प्रत राखीव ठेवा, म्हणजे ती कुणी घरी नेणार नाही, तिथेच बसून वाचता येईल.

पुस्तक जुनं असेल तर मात्र आधी लेखक कधी वारले ते बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११पासून त्यांचं सगळं लेखन मुक्त आहे, स्कॅन करा, वाटा, काही हरकत नाही. नवीन आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा किंवा कुणी केलेला अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात, तेवढं सांभाळा. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मोफत आहेत, मराठी विश्वकोशाचे खंडही ऑनलाइन आहेत, तुमचा विषय तिथे आहे का ते आधी बघाच.

प्रश्न: चॅटजीपीटीने मला संदर्भ दिले, लेखक, वर्ष, जर्नल सगळं नीट. खरे आहेत की नाही कसं ओळखायचं? आणि एक जर्नलवाले म्हणतात पैसे भरा, चार दिवसांत पेपर छापतो, त्यांचं काय? — पीएचडीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: संदर्भाचा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, घे, तो डीओआयच्या अधिकृत साइटवर टाक, लेख उघडला आणि तोच लेख असला तर खरा. डीओआयच नसेल तर लेखाचं पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर शोध, मग त्या जर्नलच्या त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका उघडून बघ. तिथेही नसेल तर तो संदर्भ वापरू नकोस. हे एआय पुढचा शब्द कोणता शोभेल ते बघून वाक्य जुळवतं, त्यामुळे नाव खऱ्या प्राध्यापकाचं, जर्नल खरं आणि लेख मात्र कधीच लिहिला न गेलेला असं होऊ शकतं. लेख स्वतः उघडून वाचल्याशिवाय संदर्भसूचीत घालायचा नाही एवढं पाळलंस तरी पुरे.

चार दिवसांत छापणाऱ्यांना पैसे देऊ नकोस. पेपर दुसऱ्या तज्ज्ञाने वाचायचा, शंका काढायच्या, तू उत्तरं द्यायची, हे चार दिवसांत होत नाही. आधी यूजीसी-केअर या मान्य जर्नल्सच्या यादीत नाव बघितलं की झालं असं होतं, पण ती यादी फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने बंद केली आणि पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि आपल्यावर आली. म्हणून जर्नलचा आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) खरा आहे का, संपादक मंडळातले लोक आपापल्या विद्यापीठाच्या पानावर ते जर्नल सांगतात का, मागच्या अंकातले दोन-तीन लेख वाचण्यासारखे आहेत का, खुलं, म्हणजे सगळ्यांना मोफत वाचता येणारं, जर्नल असेल तर डीओएजे या खुल्या जर्नल्सच्या यादीत आहे का, एवढं बघ. यादी दाखवून ग्रंथालयात विचार, आम्ही सोबत बसून बघतो, यासाठी कुणी फी घेत नाही.

प्रश्न: आजोबा साधारण १९३०पासून १९६५पर्यंत पुण्या-मुंबईच्या मासिकांत लिहायचे, दोन पुस्तकंही होती. घरी काही उरलं नाही. इथे बसून काही शोधता येईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: नक्की येईल, आणि काही बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा चांगल्या जागी आहात. आधी आजोबांच्या नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहून काढा, आद्याक्षरं, टोपणनाव, आडनावाचं रोमन स्पेलिंग तीन-चार प्रकारे. हे आधी यासाठी, की इंटरनेट अर्काइव्हवर भारतातली हजारो मराठी पुस्तकं स्कॅन होऊन पडलीत, पण त्यांची नावं टाइप करणाऱ्याने कानाला जशी वाटली तशी रोमनमध्ये घातलीत. एका स्पेलिंगने सापडलं नाही म्हणून ते तिथे नाही असं धरू नका. मग पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाची डिजिटल रिपॉझिटरी बघा, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' हा डिजिटल संग्रह बघा, राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ पुस्तकं डिजिटल केलीत ती बघा. पुस्तकांची नुसती नावं तरी नक्की करायची असतील तर शं. ग. दाते यांनी केलेली सूची आहे, १८०० ते १९५०मधल्या मराठी ग्रंथांची, ग्रंथालयवाले तिला नुसतं 'दाते सूची' म्हणतात.

आता तुमच्या जागेचा फायदा. जुन्या लोकांना पीएल-४८०चा, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कायद्याखाली तिथून आलेला, गहू आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत चुकते केले, आणि त्या रुपयांतले काही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२पासून भारतात छापलेली पुस्तकं-मासिकं विकत घ्यायला वापरले, मराठीसुद्धा, आणि ती अमेरिकेतल्या विद्यापीठांना वाटली. त्यामुळे ६२नंतरचं आजोबांचं काही असेल तर ते शिकागोच्या किंवा दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या कपाटात नीट जपलेलं असण्याची चांगली शक्यता आहे, जेव्हा इथे त्याच अंकाची रद्दी झालेली असते. वर्ल्डकॅट या जगभरातल्या ग्रंथालयांच्या एकत्रित सूचीत नाव टाकून कुठल्या ग्रंथालयात आहे ते बघा आणि तुमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत जाऊन इंटरलायब्ररी लोन मागा, म्हणजे ते दुसऱ्या ग्रंथालयातून तुमच्यासाठी मागवतात. ६२च्या आधीच्यासाठी हाथीट्रस्ट या अमेरिकी ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहात शोधा, अमेरिकेच्या कायद्यात ९५ वर्षांहून आधी छापलेलं साहित्य मुक्त असतं, त्यामुळे तिथून तुम्हाला अशी काही पुस्तकं पूर्ण उघडतील जी आम्हाला भारतातून उघडत नाहीत. शिकागो विद्यापीठानेच मोल्सवर्थचा आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोशही ऑनलाइन ठेवलाय, जुना शब्द अडला की कामाला येईल.

जे सापडेल त्याचं पान आणि मुखपृष्ठ दोन्ही सेव्ह करा आणि कुठल्या ग्रंथालयातून मिळालं ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. आजोबांचे हक्क अजून तुमच्या घराकडे असतील तर ते लेखन मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर मुक्त करण्याचाही विचार करा.

प्रश्न: शोधगंगेवर मराठी विषयाचे प्रबंध शोधले तर काहीच येत नाही. मराठीत कुणी पीएचडी करतच नाही का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: भरपूर करतात हो. २००९च्या यूजीसीच्या नियमापासून प्रबंधाची डिजिटल प्रत द्यावी लागते आणि शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. अडचण शोधण्याची आहे. एकाच प्रबंधाचं नाव कुणी देवनागरीत टाकलंय, कुणी रोमनमध्ये, कुणी इंग्रजी भाषांतर करून, आणि आतली पीडीएफ स्कॅन केलेली किंवा जुन्या फॉन्टमधली असली तर मजकुरातला शब्द सर्चमध्ये येतच नाही. म्हणून शब्दाने शोधू नका, आधी विद्यापीठ निवडा, मग मराठी विभाग, मग वर्षाप्रमाणे यादी चाळा. प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात, सगळ्यात आधी शेवटची संदर्भसूचीची फाइल उघडा, तुमच्या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय ते तिथेच कळतं.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना तुम्ही कुठल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात आहात ते सरकारी, अनुदानित की विनाअनुदानित एवढं जरूर लिहा, कुठली सोय तुम्हाला लागू होते ते त्यावर ठरतं. नाव-गाव छापणार नाही.)